केरबा, भुऱ्या आणि मामांची नवी होडी

घाटावरच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा जावई होता. मन सोन्यासारखं, पण सांगावं तेवढंच करायचा. तेही भलत्या ठिकाणी.

बायको मालन त्याला घेऊन तीन दिवस मामांकडे समुद्रकाठी गेली. भुऱ्या कुत्राही बरोबर. मामांनी नुकतीच नवी होडी घेतली होती. मालननं लाडानं मागितली. "परवा समोरच्या बेटावर जाऊन येतो, मामा. टेकडीवरून काय दिसतं म्हणे!"

मामा केरबाकडे बघत म्हणाले, "ने. पण धड परत आण गो. पोट आहे माझं ते."

संध्याकाळी केरबा भुऱ्याला घेऊन दीपगृहाचा डोंगर चढला. उतरला एकटाच. भुऱ्या माकडांमागे पळाला होता. रात्री जेवणाच्या वासानं परतला.

"अहो, झाडाला बांधायचं!" मालन म्हणाली.

"बरं."

सकाळी मामीनं त्याला बांगडे आणायला बंदरावर धाडलं. वाटेत त्याला पाय भिजवावेसे वाटले. त्यानं बांगड्यांची माळ माडाला बांधली. परत येतो तर दोरीला नुसती डोकी, आणि माडावर कावळे ढेकर देत बसलेले.

मामी म्हणाली, "जावईबापू, फडक्यात गुंडाळून टोपलीखाली झाकायचं हो!"

"बरं."

दुपारी मालन म्हणाली, "जरा भुऱ्याकडे बघा." केरबानं त्याला मामीच्या लुगड्यात गुंडाळलं, वर टोपली, टोपलीवर पाटा. भुऱ्या असा रडला की शेजारणी चौकशीला आल्या.

मामांनी पाटा उचलला. "अहो, मोकळं सोडावं! भूक लागली की येतं आपसूक घरी."

"बरं," केरबा म्हणाला. हे त्याला फारच पटलं.

तिसऱ्या दिवशी मालननं स्वतः वल्हवत होडी बेटाला लावली. भुऱ्या उडी मारून टेकडीकडे सुटला. त्याच्यामागे धावता धावता ती ओरडली, "तेवढं होडीचं बघून या हो!"

"बरं."

टेकडीवरून खरंच काय दिसत होतं! निळं पाणी, माडांची रांग, आणि दूर डुलत चाललेली एक होडी.

"अगबाई, अगदी आपल्या होडीसारखीच!"

"आपलीच आहे," केरबा म्हणाला. "मोकळी सोडली."

मालन मटकन खाली बसली. "अहो, मामांचं पोट ते! आणि आपण घरी कसं जायचं?"

"रडू नको. भूक लागली की येईल."

त्यानं शिदोरीतली भाकरी काढली, कड्यावर उभा राहिला आणि समुद्राकडे हात हलवत हाका मारू लागला, "यू! यू! यू!"

पहिल्याच हाकेला भुऱ्या आला. होडी काही वळली नाही.

"नवी आहे गं," केरबा म्हणाला. "अजून हाक ओळखत नाही."