सरकारांच्या मोटारीचा श्वास

उदाजीराजांची मोटार घाटाच्या पहिल्याच वळणावर धापा टाकत थांबली, आणि यात आपली सोडून बाकी सगळ्यांची चूक असल्याचं राजांनी तिथल्या तिथे जाहीर केलं!

तळसांगवीचं संस्थान कधीच विलीन झालं होतं. उदाजीराजे सरकार मात्र शिल्लक होते. मोबाइलवर सतरा व्हिडिओ पाहून त्यांनी मोटारीचं इंजिन स्वतःच्या हातांनी सुधारलं होतं. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी, म्हणजे मोटारीचा घसाच म्हणा ना, त्यांनी मोठी आणवली. तिला जोडला मनगटाएवढा जाड पाइप आणि पाइपाच्या टोकाला लालभडक फिल्टर. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद! मंगळवारी गॅरेजचं दार आतून लावून सरकार एकटेच खपले. संध्याकाळी राजवाड्यातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बुधवारी मोटार चढाला लागली आणि खोकायला लागली. आता रविवारी मेहुण्यांशी घाट चढण्याची पैज होती.

सरकारांनी दस्तगीर मिस्त्रीला बोलावलं. सत्तावीस वर्षं त्यानेच या मोटारी सांभाळल्या होत्या.

"मिस्त्री, शनिवारपर्यंत मोटार घाट चढली पाहिजे! पण मी केलेल्या कामाला तुमचा कुणाचा हात लागता कामा नये. नवीन काही जोडायचं नाही. आणि माझं काही चुकलं, असं कुणी म्हणायचं नाही!"

"सरकार, मग मी करायचं काय?"

"ते मी सांगायचं, तर तुमचा पगार कशाला? नाही जमलं तर रविवारपासून घरी बसा!"

राजवाड्याची परटीण इंदाक्का मागच्या दारी धुण्याचं गाठोडं बांधत होती. दस्तगीर येऊन पायरीवर मटकन बसला.

"काय झालं, मिस्त्री? चेहरा पिळून काढल्यागत दिसतोय."

त्याने सगळं सांगितलं. इंदाक्काला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तिने सरळच विचारलं, "मोटारीला होतंय तरी काय?"

"श्वास घेता येत नाही. सावकाश चालवली तर चालते. जोर मागितला की गुदमरते."

"आणि असलं काम करताना तुमी लोक काय काळजी घेता?"

"पाइप उघडा असला की आत एखादा नट पडू नये म्हणून तोंडाला फडकं कोंबतो. काम झालं की आठवणीनं काढायचं."

इंदाक्काचे हात गाठीवरच थांबले. मंगळवारच्या कपड्यांत ग्रीसने माखलेला पायजमा आला होता, सदरा आला होता, पण सरकारांचा मलमलचा रुमाल आला नव्हता. तो हरवल्याबद्दल राणीसाहेब सकाळीच तिला चार शब्द ऐकवून गेल्या होत्या!

"मिस्त्री, सरकार फडक्याला हात लावतील का हो?"

"फडक्याला? ते कशाला, खिशातला रुमालच..." दस्तगीरचे डोळे विस्फारले. मग त्याने कपाळाला हात लावला. "पण हे त्यांना सांगणार कोण, अक्का? सांगितलं की चूक काढली असं होणार!"

"मी मोटारीचं बोलतच नाही. मी धुण्याचं बोलते."

ती तडक गॅरेजसमोर गेली. सरकार चार हुजऱ्यांच्या घोळक्यात उभे राहून इंजिनाकडे रागाने बघत होते.

"सरकार, मंगळवारचा रुमाल धुण्यात आला नाही."

"रुमाल? इथे माझी इज्जत पणाला लागलीय आणि तू रुमाल मागतेस?"

"तो या पाइपात हाय, सरकार."

सरकारांच्या मिशा थरथरल्या. "म्हणजे मी तो आत विसरलो?"

"तसं कोण म्हणेल? तुमी ठेवला म्हणजे मुद्दाम ठेवला असणार! मला फक्त एवढंच सांगा, तो मोटारीचा भाग हाय का धुण्यातला कपडा? मोटारीचा असंल तर राहू द्या, मग रुमाल हरवला म्हणून राणीसाहेबांनी मला बोलू नये. धुण्यातला असंल तर द्या, मी नदीवर निघालेय."

सरकारांनी पाइपाकडे पाहिलं. मोटारीचा भाग म्हणावं, तर रविवारी मेहुण्यांपुढे त्याच रुमालात तोंड लपवावं लागणार!

"धुण्यातलाच आहे," ते पुटपुटले. "पण काढायचा कसा? या कामाला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम आहे!"

"हुकूम आमाला हाय, सरकार. हुकूम देणाऱ्याचा हात कोण धरतंय?"

सरकारांनी मुकाट्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला. पाइपाची पट्टी सैल केली, आत दोन बोटं घातली. काळाकुट्ट रुमाल बाहेर आला! पाइप परत बसवून त्यांनी मोटार सुरू केली, अॅक्सिलरेटरवर पाय दाबला, आणि इंजिन असं गरजलं की छपरावरची कबुतरं उडाली.

दस्तगीरने हळूच आभाळाकडे पाहिलं. सरकारांचा रुसवा मात्र जाईना. मोटार बंद करून ते खाली उतरले.

"इंदाक्का, माझं काही चुकलं नाही म्हणतेस. मग मोटार दोन दिवस अडली ती कुणाच्या चुकीने?"

हुजऱ्यांनी माना खाली घातल्या. इंदाक्काने त्या खाली गेलेल्या मानांवरून एकदा नजर फिरवली.

"चूक कुणाचीच नाही, सरकार. तुमच्यासमोर तोंड बंद ठेवून उभं राहायचं, ही इथली रीत हाय. मोटारीनं ती पाळली!"

सरकारांना असं हसू फुटलं की त्यांना मोटारीचाच आधार घ्यावा लागला! हसता हसता त्यांनी गॅरेजच्या किल्ल्या दस्तगीरच्या हातात टाकल्या.

"आणि तुला काय हवं, बोल!"

"डोक्यावर गाठोडं घेऊन नदीपातूर चालताना मान मोडती, सरकार."

रविवारी सरकारांनी मेहुण्यांना दोन वळणं मागे टाकलं. आणि सोमवारपासून तळसांगवीकर रोज सकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहून मौज बघू लागले: मोठ्या घशाची ती मोटार गरजत नदीकडे निघालेली, मागे धुण्याची सात गाठोडी, पुढे ऐसपैस बसलेली इंदाक्का, आणि गाडी चालवायला खुद्द सरकार!