चारशे तलवारी आणि एक चूल

"उद्यापासून वर्षभर माझे शिपाई फुकट रंगवायचे!" भुजंगराव महाराजांनी हुकूम सोडला, आणि बाळोबा चितारी मट्कन खालीच बसला.

बाळोबा लाकडी खेळणी करणारा गरीब कारागीर. महाराजांना मात्र बाहुल्यांच्या लढाईचं वेड. खरी लढाई त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, त्यामुळे हौस जरा जास्तच! दरबारात वाळूचं मैदान केलेलं, त्यावर चारशे हस्तिदंती शिपाई. कुणीही यावं, घरात असतील ती खेळणी आणावीत आणि लढावं. जिंकला तर मागेल ते मिळेल. हरला तर वर्षभर राबायचं. आजवर जिंकलं कुणीच नव्हतं, कारण नियम महाराजांचे! एक डाव म्हणजे एक दिवस. दिवसाला एक वीत चाल. आणि बाहुल्याच्या अंगावर जे दिसेल, तेवढंच त्याच्याजवळ. बाळोबाच्या एकुलत्या एका भालाईताचा भाला दरबारात आणतानाच मोडला होता. "निःशस्त्र! मेला!" म्हणून महाराजांनी त्याला बोटानं आडवा केला. तिथेच बाळोबा हरला.

खेळणी विकायची जत्रा महिन्यावर आलेली. बाळोबाचे हात वाड्यात अडकले, तर घरात खायचं काय? दुसऱ्या दिवशी त्याची बायको द्वारका डोक्यावर पाटी घेऊन दरबारात हजर!

"महाराज, मी लढते. जिंकले तर माझे धनी सोडा."

"आणि हरलीस तर?"

"मीही रंगवायला बसेन. तुमच्या शिपायांच्या मिशा तरी नीट होतील!"

महाराज हसले. "दाखव तुझी फौज."

द्वारकेनं महाराजांच्या फौजेपासून सात विती दूर वाळूचा कोट रचला. पाटीतून एक दळणारी बाई काढली, एक गाय, एक गवळण, आणि मग लेकीची भातुकली : चूल, जातं, हंडा, पोळपाट, पळी. सगळं कोटात मांडलं आणि वेस लावून घेतली.

"ही फौज?" महाराजांनी मांडीवर थाप मारली. "चला रे, एक वीत पुढे!"

"माझ्याकडे दळण झालं," द्वारका म्हणाली.

"आणखी एक वीत!"

"गाईची धार काढली."

"आणखी एक!"

"भाकऱ्या थापल्या."

"अगं, ही लढाई आहे की माहेरपण?"

चौथ्या डावाला महाराजांनी हात पुढे केला, तोच द्वारकेनं वाळूवर हात ठेवला. "थांबा महाराज! फौज आता हलायची नाही. तीन दिवस उपाशी आहे."

"उपाशी कशी? शिदोरी असते त्यांच्याजवळ!"

"दाखवा."

महाराजांनी एक शिपाई उचलून डोळ्यांशी धरला. कारभाऱ्यांनी दुसरा उचलला. तलवार होती, ढाल होती, पीळदार मिशी होती, कानात भिकबाळीसुद्धा होती. भाकरीचं गाठोडं मात्र चारशेंत एकाजवळही सापडलं नाही.

"मग वाटेतलं गाव लुटतील!"

"वाटेत वाळू आहे, महाराज."

"उपाशी लढतील! माझे शिपाई शूर आहेत!"

"शूर तर आपणही आहात. पण न्याहारीला जरा उशीर झाला, की आपला आवाज आमच्या आळीपर्यंत येतो!"

कारभाऱ्यांना एकाएकी खोकला आला. महाराज लाल झाले. त्यांनी द्वारकेकडे पाहिलं, मग वाळूत उभ्या असलेल्या आपल्या फौजेकडे पाहिलं. बिचारे फारच रोडावलेले वाटले.

"मग आता करतील काय ते?" त्यांनी हळूच विचारलं.

"लढायला पाय उचलणार नाहीत, पण जेवायला उचलतील! माझ्या वेशीशी येतील. तलवारी बाहेर ठेवायच्या, हातपाय धुवायचे आणि पंगतीला बसायचं. महाराज, आपल्या फौजेत चारशे तलवारी आहेत, पण पळी एकही नाही!"

मग महाराज असे हसले, असे हसले, की पागोटं वाळूत पडलं आणि अर्धी फौज आडवी झाली!

"हरलो, बाई! ने तुझा बाळोबा. आणि त्याला सांग, जत्रा आटपली की मला चाळीस आचारी करून दे. दाम रोख!"

"करतील की," द्वारका पाटी भरत म्हणाली, "पण महाराज, आचाऱ्यांची पोटं मोठी. रंग दुप्पट लागेल!"

"कारभारी," महाराज डोळे पुसत ओरडले, "हिला रंगाचे दहा घडे द्या, आणि आधी पानं वाढा!"