धुमाळशेठची शिक्क्याची काच

मंगल कार्यालयाचं उद्घाटन उद्यावर आलं होतं आणि सहाव्या मजल्यावरच्या गच्चीचा कठडा सगळा काचेचा! तपासणीला आलेल्या इंजिनियर आचरेकरबाईंसमोर बिल्डर धुमाळशेठ त्याच कठड्याला पाठ टेकवून ऐटीत उभे राहिले. "टफन्ड काच आहे, बाई. भट्टीत तापवून कडक केलेली. शिक्का बघा आणि सही करा."

"एक काच फोडून बघावी लागेल."

"माझी काच फोडणार? शिक्का दिसत नाही?"

"बरं, मग कठड्यातून उरलेली ती शिक्क्याचीच काच पडलीय, तिचा वीतभर तुकडा तरी कापून द्या."

"एवढंच ना! रफीक, दे कापून."

काचकाम करणारा रफीक घुटमळला. शेठ खेकसले, तशी त्याने काच कापायची हिरकणी फिरवली. टक्कन सरळ तुकडा निघाला.

"बघा, कशी लोण्यासारखी कापली!" शेठ खूश झाले.

बाईंना संशय होताच, तरी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "शेठ, भट्टीतून निघालेली काच कापता येत नाही. कापायला गेलं की अख्खीचा चुरा होतो. ही साधी काच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सहीचं राहू द्या. आधी कठड्याला टेकलेली पाठ काढा. हळूच."