नमूचा घास, मुंगीचं शीत

नमूला ताप आला. अंग गरम गरम. तोंड कडू कडू.

बाबांनी पेज केली. मऊ मऊ भाताची, वर तूप. "नमूबाई, आ करा! हा घास चिऊचा..."

"चिऊ कुठाय?" नमू म्हणाली, आणि तोंड गच्च मिटलं.

खाटेखाली होती एक मुंगी. एवढीश्शी! रोज नमू जेवायची, रोज एक शीत सांडायची. ते शीत मुंगीचं! आज शीत पडलंच नाही.

मुंगी खाटेवर चढली, तुरुतुरु तुरुतुरु.

"नमू, नमू, घास खा! शीत काही पडेना!"

"नाही खात जा! चिऊ खिडकीत येईल, तरच खाईन."

चिऊ होती अंगणातल्या पेरूच्या झाडावर. मुंगी पेरूवर चढली, तुरुतुरु तुरुतुरु.

"चिऊ, चिऊ, खिडकीत ये! नमू खाईना, शीत काही पडेना!"

"नाही येत जा! तिथं मनीमाऊ निजलीय. मनी उठेल, तरच येईन."

मुंगी खिडकीत गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"मनी, मनी, ऊठ ना! चिऊ येईना, नमू खाईना, शीत काही पडेना!"

"नाही उठत जा! ऊन कसं छान लागतंय. ढग ऊन झाकेल, तरच उठेन."

मुंगी कौलांवर चढली, तुरुतुरु तुरुतुरु.

"ढगा, ढगा, ऊन झाक! मनी उठेना, चिऊ येईना, नमू खाईना, शीत काही पडेना!"

"नाही झाकत जा! वारा ढकलेल, तरच हलेन."

वारा तिथंच कौलांवर लोळत होता.

"वाऱ्या, वाऱ्या, ढग ढकल! ढग हलेना, मनी उठेना, चिऊ येईना, नमू खाईना, शीत काही पडेना!"

"नाही ढकलत जा! आधी कुणी फुंकर घालेल, तरच वाहीन."

मुंगीनं फुंकर घातली. फू!

"हॅ! ही कसली फुंकर?" वारा हसला.

आता मात्र मुंगी चिडली. तरातरा खाली आली. बाबांच्या अंगठ्याला चावली. कडकडून!

"आई गं!" बाबा थयथय नाचले. अंगठ्यावर फुंकर घातली. फूंऽऽऽ!

मग काय! वारा उठला, सूंऽऽ! वाऱ्यानं ढग ढकलला. ढगानं ऊन झाकलं. मनी उठली, आळस देत चुलीपाशी गेली. चिऊ खिडकीत आली. चिव चिव!

"आली, आली!" नमूनं मोठ्ठा आ केला.

घास चिऊचा, गट्! घास मनीचा, गट्! घास ढगाचा, गट्! घास वाऱ्याचा, गट्!

"आणि मला चावली तिचा?" बाबा अंगठा चोळत म्हणाले.

नमू खुदकन हसली. वाटीतलं सगळ्यात मोठ्ठं शीत घेतलं. खाली टाकलं. टप्!

"हा घास मुंगीचा!"

मुंगीनं शीत डोक्यावर घेतलं, आणि निघाली ऐटीत.

वाटी रिकामी, गोष्ट पुरी, मुंगी गेली तुरुतुरु घरी!