चंदीची वेळ

दोघा भावांत राज्य फुटून जेमतेम आठ दिवस झाले होते. थोरल्यानं सेनापती केलेल्या रंगराव मेहुण्यानं आजवर फक्त ससे मारले होते. धाकट्याचे स्वार माळावरून सुसाट चालून येताना दिसले, तसा तो पांढराफटक पडला आणि त्यानं आपला नवाकोरा घोडा हळूच गावाकडे वळवला.

तिथंच मागं थोरल्याच्या घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार येसबा चंदीचे हरभरे घोड्यांच्या तोबऱ्यांत भरत होता.  समोरचे घोडे आठ दिवसांपूर्वीपर्यंत त्याच्याच हातची चंदी खात होते; त्यानं ते लांबूनच ओळखले आणि चंदीच्या वेळी रोज बडवायचा तशी परात बडवली. झालं! स्वार लगाम खेचत राहिले, घोडे मात्र येसबापुढं रांगेत येऊन उभे राहिले. थोरल्याच्या शिपायांनी स्वारांना सहज पकडलं.

तेव्हा कुठं रंगरावाला कंठ फुटला. "शत्रूचे घोडे तुझं ऐकतात? फितुरा! द्या रे याला तोफेच्या तोंडी!"

 हात जोडून येसबा म्हणाला, "सरकार, राज्य फुटल्याचं माणसांना सांगितलं, घोड्यांना सांगायचं राहिलं. पण फितूर शोधायचाच तर बघा, शत्रूच्या सगळ्या घोड्यांची तोंडं इकडं आहेत. रणाला पाठ केलेला घोडा एकच आहे, आणि त्याच्यावर आपण बसला आहात."