भुईच्या तेलाचं माप

"भुईजाळ गावाखाली तेल किती आहे, ते आठ दिवसांत मापून सांगा. नाही जमलं तर गाव सोडा! भुईखालचं सगळं माझंच आहे, आकडा मी खणून काढीन!"

रणधुंद महाराजांची ही दवंडी गावात पिटली गेली. कारण काय, तर शेजारच्या राजानं जेवता जेवता फुशारकी मारली, "माझ्या कोठारात सोळा हजार मण मीठ आहे. तुमच्या त्या तेलाचं माप किती?" आणि महाराजांना आकडा सांगता आला नाही. एवढ्यावरून अख्खं गाव उठवायचं!

भुईजाळमध्ये एका खडकाच्या फटीतून काळं तेल ठिबकायचं, सणासुदीच्या दिव्यांपुरतं. तिथून चार शेतं पलीकडे एका कपारीत भुईतला वायू आपला आपण जळत असायचा. गावातल्या बायका त्याच्यावर भाकऱ्या भाजायच्या. सरपण नको, धूर नको, फुंकून फुंकून डोळे लाल करणं नको. हे सोडून जायचं कुठं?

चावडीवर पुरुषमंडळी डोकी खाजवत बसली. राही कुंभारीण तिथं येऊन म्हणाली, "डोकी खाजवून उवा निघतील, आकडा नाही निघायचा. सरा, मी जाते राजाकडे!"

दरबारात दिवाण अंताजी तिला बघून हसले. "भुईच्या पोटातलं तू सांगणार?"

"पोटातलं बायकाच सांगतात, दिवाणजी. तुम्ही कधी सांगितलंत?"

दरबारात खसखस पिकली. महाराज गरजले, "मापून दे, नाहीतर गाव सोड!"

"देते की. फक्त माप आपल्या सरकारी रिवाजानं करीन. सुगीत तुमचे लोक खळ्यावर धान्य मापतात ना, तोच रिवाज."

"तोच! त्यात तसूभर फरक केलास तर बघ!"

"करणार नाही महाराज. तुम्हीही करू नका."

आता तो रिवाज कसा, तर मालकानं राशीसमोर बसायचं. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं. आणि माप पुरं व्हायच्या आत मालक जागेवरून उठला, तर त्याचा हक्क गेला, रास मापणाऱ्याची! हे शेवटचं कलम महाराजांनीच घातलेलं. गेल्या सुगीत एक म्हातारा शेतकरी घोटभर पाणी प्यायला उठला, तर त्याची सगळी ज्वारी सरकारी कोठारात गेली. हे कलम रयतेला पाठ होतं. ते आपल्यालाही लागू पडेल, हे मात्र महाराजांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा लवाजमा फटीपाशी आला.

"तेलाचे मालक कोण?" राहीनं विचारलं.

"मीच!"

"मग बसा समोर."

गादी घातली, महाराज बसले. राहीनं फटीखाली घागर ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "लाभ!"

टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्.

ऊन चढलं. महाराजांनी विचारलं, "दोन कधी म्हणणार?"

"ही घागर भरली की. आज ठेवलीय, म्हणजे दिवाळीला भरेल."

"दिवाळीला? अरे, खणा! कुदळी आणा!"

"खणा की!" राही म्हणाली. "पण हा उग्र वास येतोय ना, तो भुईतला वायू. कुदळीची खडकावर ठिणगी उडायच्या आत मला तेवढं लांब जाऊ द्या!"

ती जागची हलली नाही. कुदळवाले मात्र शिवेपर्यंत पळाले!

महाराजांची आता खरी पंचाईत झाली. घटका घटकेला हुक्का ओढायची त्यांना सवय. "हुक्का आणा!" ते ओरडले.

"इथं निखारा? मग तेल, वायू आणि दिवाणजी सगळं एकदमच मोजता येईल महाराज, आभाळात!"

हुक्केवाला हुक्का घेऊन थेट पलीकडच्या कपारीकडे धावला आणि तिथं त्यानं तो पेटवला. वारा तिकडून इकडेच येत होता. तंबाखूचा खमंग वास महाराजांच्या नाकात शिरला. ओठ सुकले, ते गादीच्या कडेला सरकले. अंताजींनी त्यांचा खांदा दाबून धरला.

"उठू नका महाराज! उठलात तर तेल गेलं!"

"दोनच झुरके, अंताजी!"

"महाराज, कलम!"

"खड्ड्यात गेलं कलम!" महाराज अंताजींना ढकलून उठले आणि जोडे टाकून कपारीकडे धावत सुटले!

"उठले! मालक उठले!" राही ओरडली. सगळा गाव नाचत तिच्यामागं कपारीपाशी आला.

दुसऱ्या झुरक्याला महाराजांच्या लक्षात आलं. तोंड लालेलाल! नाचणारे पाय थांबले.

"कुंभारणी, मला फसवलंस! आता त्या राजाला मी आकडा कुठला सांगू?"

"आकडा कशाला? त्यांना लिहा, तुमचं मीठ मोजून झालं, म्हणजे ते संपणारही. आमचं तेल मोजायला मी स्वतः बसलो होतो. दुपार झाली, तरी पहिलं माप पुरं व्हायला तयार नाही!"

महाराज थबकले. मग त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट, आणि मग ते असे हसले की हुक्क्याचा धूर नाकातून निघाला!

"फट तुमची, कपार तुमची, ताम्रपटावर कोरून देतो! आणि तुला काय हवं, माग!"

"ते उठायचं कलम मोडा महाराज. खळ्यावर माणसं तहानेनं तडफडतात."

"मोडलं! या क्षणी मोडलं!"

"अहो, आज नको!" राहीनं घाईघाईनं दोन्ही हात जोडले. "उद्यापासून मोडा. आज तुम्ही उठलाय!"