निळीचं बॉनेट

एका गावात एक मोटार होती. तशा मोटारी गावात बऱ्याच होत्या, पण ही सगळ्या गावाची होती आणि तिचं नाव होतं निळी. गंमत अशी, की निळी काही निळी नव्हती. तिचा रंग होता चहाच्या जुन्या गाळणीचा. पोरं विचारायची, "हिला निळी का म्हणतात?" मोठी माणसं सांगायची, "म्हणतात म्हणून म्हणतात. जा, खेळा."

त्या गावात एक रीत होती. गावातली कुठलीही लेक सासरी निघाली, की ती निळीत बसून वेशीपर्यंत जायची. बसण्याआधी ती हळदीनं माखलेला हात निळीच्या बॉनेटवर उमटवायची. तो हात पुसायचा नाही, त्यात लेकीचं मन राहतं, असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं. मग मोटार चमकावी कशी? तर लग्नघरची माणसं वाटीभर खोबरेल घेऊन यायची आणि निळीला नखशिखांत चोपडायची. त्या दिवशी निळी अशी चमकायची की बघत राहावं. दुसऱ्या दिवसापासून त्या तेलावर धूळ बसायची, विटांच्या भट्ट्यांची काजळी बसायची, आणि पुढच्या लग्नाला त्याच्यावर पुन्हा तेल. गावानं निळीचे असे वर्षानुवर्षं लाड केले आणि लाडालाडात तिचा रंगच गाडून टाकला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, एवढं मात्र खरं.

निळीची किल्ली असायची एका बाईकडे. गाव तिला मोटारवाली म्हणायचं. तिच्या बापानं निळीला आपल्या हातानं रंग दिला होता, जन्मभर ती चालवली होती, आणि जाताना किल्ली लेकीच्या हातात ठेवली होती. तिला एक धाकटा भाऊ होता, पण त्याचं सगळंच घाईचं. त्यानं स्वतःची काळीभोर नवी मोटार घेतली आणि तो भाडी मारू लागला. बहीणभावाचं एकमेकांवाचून पान हलत नसे. फक्त तो जे काम शीळ वाजवत उरकायचा, तेच ती बोटांनी चाचपून, थांबून, पुन्हा बघून करायची.

एकदा नगरशेठच्या लेकीचं लग्न ठरलं. नगरशेठ निळी बघायला आला. त्यानं दारावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि ते रुमालाला पुसलं.

"मोटारवाली, असल्या मोटारीतून मी माझी लेक पाठवायची नाही," तो म्हणाला. "मी रंगाऱ्याशी बोललोय. तो हिला खरवडून काढेल आणि लालभडक रंग देईल."

मोटारवाली पुढे झाली. एकदा खरवडलं की बापाच्या हातचा रंग गेला तो गेलाच.

"शेठजी, खाली निळा रंग आहे," ती म्हणाली. "मी लहानपणी पाहिलाय. दाराच्या बिजागरीपाशी अजून दिसतो."

"बिजागरीत बसून कुणी सासरी जात नाही, बाई. लग्नाच्या सकाळी निळी माझ्या दारात निळी होऊन उभी राहिली, तर ठीक. नाहीतर माझी लेक दुसऱ्या मोटारीतून जाईल आणि ही जाईल रंगाऱ्याकडे."

झालं. मोटारवालीनं रिठ्याच्या पाण्यानं निळी धुतली. सैल मळ गेला, पण रंग काही दिसेना. तिनं मलमलचं फडकं बोटांवर ओढून दारावरून हात फिरवला, तर खाली रव्यासारखी खरखर लागली. मळ नुसता बसला नव्हता, घट्ट रुतून बसला होता.

तेवढ्यात गावात एक म्हातारा फिरता विक्रेता आला. मोटारींची फडकी, डब्या, नटबोल्ट असलं सगळं गाठोड्यात घेऊन तो वर्षातून एकदा यायचा. त्यानंही निळीवर हात फिरवला. मग गाठोड्यातून पेढ्याएवढा एक मऊ गोळा काढला.

"ही मोटारीची माती. शहरात हिला क्ले म्हणतात," तो म्हणाला. "एकच उरलीय. आणि ही मेणाची डबी. आधी माती, मग मेण. मेण काय करतं, खाली जे असेल ते राखतं. खाली घाण असली तर घाण राखतं."

"वापरायची कशी, काका?"

"साबणाचं पाणी शिंपडून नुसती सरकवायची. दाबायची नाही. मळली की कणकेसारखी दुमडून मळ पोटात घ्यायचा आणि स्वच्छ बाजू वर काढायची." मग म्हाताऱ्यानं तो गोळा तिच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. "आणि जमिनीवर पडली, तर ती जमिनीची. मग मोटारीला लावायची नाही. धुऊन नाही, पुसून नाही. राहील ध्यानात?"

"राहील," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मोटारवालीनं कामाला हात घातला. ऊन चढायच्या आत, मोटारघराच्या सावलीत, एका वेळी हातभर जागा. पाणी शिंपडायचं आणि माती सरकवायची. सुरुवातीला खर्रर्र असा आवाज यायचा, जणू कुणी दाणे भरडतंय. मग तो आवाज हळूहळू मऊ व्हायचा, आणि शेवटी आवाजच यायचा नाही. माती सुळकन सरकली की समजायचं, इथलं झालं. पहिल्यांदा तिनं ती जागा पुसली तेव्हा खालून तळहाताएवढा निळा रंग वर आला. पहाटे तांबडं फुटण्याआधी आभाळ असतं ना, तसा. मोटारवाली तिथेच खाली बसली आणि पदरानं डोळे पुसत हसली.

खरं सांगायचं तर अशा कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. दिवसभर बघत उभं राहिलं तरी फारसं काही घडताना दिसत नाही. पण ती बाई कंटाळली नाही. डावी बाजू झाली, उजवी झाली, मागचा भाग झाला. झालेल्या भागावर तिनं मेणाचा पातळ हात दिला, ते धुरकट होईपर्यंत वाट पाहिली आणि मऊ फडक्यानं पुसून काढलं. दारात उभ्या कोंबडीला आपली छबी दिसली आणि ती चोच मारायला आली, इतकी निळी लखलखली.

राहिलं फक्त बॉनेट. ते तिनं मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. त्यावर लेकींचे हळदीचे हात होते, एकावर एक, तेलात आणि काजळीत बुडालेले. ते पुसायला तिचं मन धजत नव्हतं. पण लग्न दुसऱ्या दिवसावर आलं, तेव्हा तिनं मनाची समजूत घातली आणि साबणाच्या ओल्या हातानं माती उचलली.

माती हातातून निसटली. अंगणात मुरूम टाकलेला होता, त्यावर पडली.

तिनं ती पटकन उचलली. खालच्या बाजूला बारीक बारीक कण चमकत होते. तिनं सुईनं एकेक कण टोकरून काढला. गोळा दुमडला, तर आतून आणखी एक चमकला. तो काढला. पुन्हा दुमडला, पुन्हा एक.

अंगणात कुणी नव्हतं. म्हातारा विक्रेता कधीच पुढच्या गावाला गेला होता. बॉनेट तेवढं राहिलं होतं, आणि राहिलेलं बॉनेट म्हणजे रंगारी. एकदाच हलक्या हातानं फिरवली तर काय होणार आहे, असं तिच्या मनात आलं. तिनं पाणी शिंपडलं. माती बॉनेटपाशी नेली. ती टेकवणार, तोच तिला वाटलं की आपण बापाच्या अंगावर खडे घासतोय. तिचा हात तिथेच थांबला. मग तिनं तो गोळा कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि पायरीवर जाऊन बसली. तिला रडू येत होतं आणि ते तिनं आवरलंही नाही.

भाऊ आला तो शीळ वाजवतच. ताईचं तोंड बघून त्याची शीळ थांबली. तिनं सगळं सांगितलं.

"अगं मग वरून मेण तरी फास. चमक येईल. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"चमक तर तेलानंही येत होती की रे," ती म्हणाली. "त्यानंच हिचं हे झालं."

भावानं टोपलीत डोकावून माती उचलली. "एवढी चांगली वस्तू कुणी टाकून देतं का? दे, मी धुऊन घेतो. उद्या वरातीत माझी काळी पण असणार. तिला फिरवतो."

"नको रे बाबा. ती आता जमिनीची झाली."

"तू पण ना, ताई. त्या म्हाताऱ्यानं सांगितलं आणि तू गाठ मारून ठेवलीस." आणि माती नळाखाली धरून तो हसत हसत गेला. संध्याकाळी आपल्या मोटारघरात, कंदिलाच्या उजेडात, त्यानं काळी मोटार घासली आणि वर मेण लावलं. कंदिलात ती आरशासारखी दिसली. भाऊ खूश होऊन झोपला.

लग्नाच्या सकाळी मोटारवालीनं निळी नगरशेठच्या दारात आणून उभी केली. मांडवातली माणसं गोळा झाली. दारं निळीशार, मागचा भाग निळाशार, आणि पुढे तेच जुनं तपकिरी बॉनेट. मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हे काय, मोटारवाली?" नगरशेठ म्हणाला. "अर्धीच मोटार घेऊन आलीस?"

"बॉनेट राहिलं, शेठजी. माती खाली पडली. त्यात खडे शिरले, म्हणून टाकून दिली."

"थोडी घासायची होतीस तशीच. कुणाला कळणार होतं?"

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

नगरशेठचा पारा चढला. तेवढ्यात भाऊ पुढे झाला. मांडवाच्या सावलीत त्याची काळी मोटार झळकत होती. त्याला वाटलं, निदान बहिणीवरचा राग तरी निवळेल. "शेठजी, नवरीला माझ्या मोटारीतून पाठवू या. ही बघा कशी आहे."

नगरशेठनं काळीकडे बघितलं आणि मान डोलावली. "आणा ती बाहेर. हार घाला. आणि रंगाऱ्याला निरोप धाडा."

मोटारवालीनं निळीच्या दारावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

काळी मोटार सावलीतून उन्हात आली. हार घेऊन पुढे झालेला माणूस थबकला. उन्हात त्या काळ्याभोर अंगावर बारीक बारीक ओरखड्यांची वर्तुळं उठून दिसत होती. बॉनेटवर, दारांवर, टपावर, जिथे जिथे माती फिरली होती तिथे तिथे. नवी कोरी मोटार, पण कुणी घासणीनं घासलेल्या कढईसारखी दिसत होती. लोक आधी मोटारीकडे बघत राहिले, मग भावाकडे.

भावाचा चेहरा पडला. पण तो मनाचा सरळ होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ताईनं टाकलेली माती मी उचलून वापरली. नको म्हणाली होती ती. मी ऐकलं नाही."

इकडे नवरी केव्हाच मांडवातून बाहेर आली होती. तिचं काळीकडे लक्षच नव्हतं. ती निळीपाशी उभी राहून एक हात दारावर फिरवत होती आणि दुसरा बॉनेटवर. एका हाताखाली गुळगुळीत, दुसऱ्याखाली खरखरीत. ती दोनदा तसं करून बघत होती.

"बाबा, ही सगळीच आतून निळी आहे," ती म्हणाली. "हे बॉनेट बघून कळतं, बाकीची किती गाडली गेली होती ते. रंगारी कशाला हवा? मी हिच्यातूनच जाणार."

नगरशेठ पुढे आला. त्यानंही दारावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. या वेळी रुमाल काढायची गरज पडली नाही. मग म्हणाला, "बॉनेटही तसंच कोरं करकरीत झालं असतं, तर मी म्हटलं असतं की हिनं चोरून रंग दिला. आता काय म्हणू?" आणि तो मोटारवालीकडे वळला. "बाई, मी चुकलो. रंगाऱ्याला मी नाही म्हणून सांगतो."

नवरीनं हळदीचा हात बॉनेटवर उमटवला. तेलाची वाटी घेऊन धावत आलेल्या मावशीला तिनं हसून परत पाठवलं. निळी वेशीपर्यंत गेली तेव्हा रस्त्यावरची पोरं ओरडत होती, "निळी आली, निळी आली," आणि आज त्यांना कुणाला काही विचारायची गरज नव्हती. परत आल्यावर मोटारवालीनं तो हळदीचा ओला ठसा साध्या पाण्यानं पुसून घेतला. लेकीचं मन मोटारीत राहिलंच होतं, हळद राहायची गरज नव्हती. गावाला ते पटलं आणि तेव्हापासून तीच रीत झाली.

पुढच्या वर्षी म्हातारा विक्रेता आला. मोटारवालीनं माती घेतली. भाऊही आला, कान पकडूनच आला म्हणा ना. आपल्या काळीचे ओरखडे घालवता घालवता त्याचे हात दुखून गेले होते.

"ताई, थोडंसं मला करू देशील?"

तिनं मातीचे दोन भाग केले आणि एक त्याला दिला. भाऊ जपून सरकवू लागला. शीळ नाही, बोलणं नाही. बॉनेटच्या कडेला पहिला निळा पट्टा वर आला, तो बघून तो इतका हरखला की हात सैल झाला आणि माती मुरमावर पडली.

मोटारवालीनं वर बघितलं.

भावानं माती उचलली. मातीकडे क्षणभर बघितलं. मग कोपऱ्यातल्या टोपलीपाशी गेला, ती आत टाकली, आणि हात धुऊन परत येऊन उभा राहिला.

मोटारवालीनं आपल्या हातातली माती त्याच्या हातावर ठेवली. "आता बॉनेट तू पूर्ण कर," ती म्हणाली.

तात्पर्य: ज्यानं साफ करायचं तेच मळलं असेल, तर ते खाली ठेवावं. काम अर्धं राहिलं, तर ते राहिलं म्हणून सांगता येतं, पण ओरखडे उन्हात आपणहून बोलतात.